१३ ऑगस्टची तयारी : अहिल्याबाईंची पुण्यतिथी करणाऱ्या मुलीला पत्र

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

अहिल्याबाई होळकरांच्या पुण्यतिथीचं काम वाचनालयाच्या पोट्ट्यांनी तुझ्यावर सोपवलं, भाषणही तुझं आणि निवेदनही तुझंच, असं कळलं. बरं झालं. आता कामाचं बोलू. आधी तारीख पक्की कर, कारण अर्धे कार्यक्रम तिथंच फसतात.

अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी, नर्मदेकाठी महेश्वरला. तिथी होती श्रावण वद्य चतुर्दशी. दुसऱ्या दिवशीची अमावास्या म्हणजे आपला पोळा. म्हणजे तिथी धरली तर पुण्यतिथी बरोबर खांदशेकणीच्या दिवशी येते. त्या संध्याकाळी कास्तकार हळद आणि तूप घेऊन गोठ्यात असतो, बैलाचे खांदे शेकतो आणि त्याच्या कानाशी म्हणतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ तो तुझ्या सभेला येणार नाही आणि त्याने यावं असं मलाही वाटत नाही. शिवाय अधिक महिना आला की पोळा सप्टेंबरात जातो आणि दरसाल तारीख फिरते. दुसरीकडे १३ ऑगस्ट धरली तर शाळा झेंडावंदनाच्या कवायतीत गुंतलेली. शाळेचं मैदान, माइक, मास्तर यातलं काहीच मोकळं नसतं.

म्हणून काम दोन तुकड्यांत कर. सभा १३ ऑगस्टला, शाळेत नको, ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी साडेसातला. दुसरा तुकडा श्रमाचा, तो पोळ्याच्या आधी पुरा करायचा. त्याचं खाली सविस्तर लिहितो.

साडेसात का? ऑगस्टमध्ये बाया निंदणाहून सहाला घरी येतात, चूल-भाकर होईस्तोवर साडेसात होतात. पाचची वेळ ठेवलीस तर समोर फक्त लहान पोरं आणि पुढारी बसतील. पावसाची झड असते, म्हणून उघड्यावर मंडप घालू नकोस. लाइन जाणार हे धरूनच चाल. बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर सभागृहाला पुरतो. तो माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेव. माइकच्या मागे ठेवला की शिट्टी मारतो आणि मग मुलं सारं सोडून त्या शिट्टीलाच हसतात. दिवा स्टेजवर टांगू नकोस. या दिवसांत उजेडावर किड्यांचा थवा येतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडात जातो. मोठा दिवा श्रोत्यांच्या मागे, दाराबाहेर लाव.

कितवी पुण्यतिथी, हे छापायचं असेल तर चालू सालातून १७९५ वजा कर. २०२६ मधून वजा केलं की २३१. जयंतीचा आकडा यात मिसळू नकोस. जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडीचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातला. पुष्कळ गावांत मे महिन्यातल्या जयंतीचंच बॅनर ऑगस्टमध्ये काढतात आणि ‘जयंतीनिमित्त हार्दिक शुभेच्छा’ या अक्षरांखाली श्रद्धांजली वाहतात. ते टाळ.

आता भाषण. बारा मिनिटांच्या वर जाऊ नकोस. सावकाश बोललीस तर मिनिटाला शंभर शब्द होतात, म्हणजे बाराशे शब्द, हाताने लिहिलेली पाच पानं. त्यातलं बालपण एका मिनिटात संपव. चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक, १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी लग्न, एवढं पुरे. पोरवयातल्या गोष्टी सांगत बसलं की लोक गोड मानून ऐकतात, आणि पुढच्या कारभाराला वेळच उरत नाही.

मग तीन मिनिटं १७५४ ते १७६७ ला दे. या तेरा वर्षांत घरातले तीन पुरुष गेले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं आणि कारभारात घेतलं. १७६६ मध्ये मल्हारराव आलमपूरला वारले, आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव. गादी रिकामी दिसली तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाची सूचना केली आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. इथं आपल्या विदर्भाचा एक धागा आहे, तो सोडू नकोस. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की महादजी शिंदे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांनी राघोबांना या कामात साथ द्यायचं नाकारलं. शेवटी माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार स्वतःकडे, अशी वाटणी त्यांनी केली आणि ती मरेपर्यंत टिकली.

जानोजींचं नाव आलं की समोरचे मान वर करतील. पण तिथंच थांब. विदर्भावर अहिल्याबाईंचं राज्य नव्हतं. त्यांचं राज्य माळव्यात. आपल्याकडे तेव्हा भोसले आणि निजाम. ‘आपली गावविहीर अहिल्याबाईंनीच बांधली’ असं सभेत कोणी ना कोणी म्हणणारच. विहिरीवर शिलालेख असेल किंवा जुना कागद असेल तर त्याचा फोटो काढून घे. नसेल तर नम्रपणे ऐकून घे, पण माइकवरून बोलू नकोस. त्यांनी खरोखर बांधलेलं एवढं आहे की उसनं घ्यायची गरज नाही.

उरलेली मोठी पाच मिनिटं कारभाराची. लोक यावेळी देवळांची यादी वाचतात : काशी, सोमनाथ, गया, वेरूळ. यादी ऐकताना माणूस जांभई देतो. दोनच घे. काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि सोमनाथला पडलेल्या देवळाशेजारी १७८३ मध्ये नवं बांधलं. मग विचार : काशी किंवा सोमनाथ होळकरांच्या राज्यात होतं का? नव्हतं. मग पैसा कुठला? ही नोंद माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सभांमधून सगळ्यात कमी ऐकू येणारी. होळकरांच्या घरात दोन वह्या वेगळ्या होत्या. एक दौलतीची, ज्यात महसूल आणि फौजेचा खर्च. दुसरी खासगीची, जी पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने दिलेल्या उत्पन्नातून चालायची. दानधर्माचा बहुतेक खर्च अहिल्याबाईंनी या खासगीतून केला. सरपंचाचा खिसा आणि ग्रामनिधी यात काय फरक, हे ज्या गावाला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट लगेच कळते. सरपंच समोर बसलेले असतील, तर सांगताना त्यांच्याकडे बघू नकोस. लोक आपसूक बघतात.

नंतर त्यांचा दिवस सांग. माल्कम १८१८ नंतर माळव्यात होता, म्हणजे बाई जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, आणि त्यांना पाहिलेली माणसं अजून हयात होती. त्यांना विचारून त्याने लिहिलं : उजाडायच्या आधी उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात बसायचं ते संध्याकाळी सहापर्यंत. मग पूजा आणि हलकं जेवण, आणि रात्री नऊला पुन्हा काम, अकरापर्यंत. म्हणजे रोज सहा तास कारभार, रात्रीचे दोन धरून. हे आकडे फळ्यावर लिही. पोरांना आकडे बरोबर लक्षात राहतात.

भिल्लांचं प्रकरणही घे. डोंगरवाटांवर लूट व्हायची. आधी समजूत, मग कडक बंदोबस्त, आणि शेवटी त्यांनी भिल्लांची जुनी वहिवाट मान्य केली. वाटसरूंच्या मालावर भिल्लांनी ठरलेली कवडी, म्हणजे लहानसा कर, घ्यायची आणि बदल्यात आपल्या हद्दीतून गेलेल्या मालाची जबाबदारी उचलायची. पडीत जमीनही कसायला दिली. यात दया किती आणि व्यवहार किती यावर वाद घालता येईल. मला व्यवहार जास्त दिसतो, आणि त्याने बाईंचं मोठेपण कमी होत नाही.

शेवटची दोन-तीन मिनिटं मरणाची, आणि इथं जपून. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. अहिल्याबाईंनी तिला परोपरीने विनवलं, ती ऐकली नाही. हे लपवू नकोस. ज्या बाईला सासऱ्याने थांबवलं तिला स्वतःच्या लेकीला थांबवता आलं नाही. चार वर्षांनी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्या गेल्या. पण हा प्रसंग नाटुकलीत दाखवायचा हट्ट पोरं धरतील : हळदकुंकू, हिरवा शालू, जयजयकार. साफ नाही म्हण. सतीचा गौरव करणं हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि समोर बसलेल्या विधवा बायांच्या मनाचाही विचार कर. वाक्य दोन ओळींचं ठेव आणि पुढे जा.

नाटुकलीचंच आणखी एक. वासराला रथाखाली चिरडणाऱ्या मुलाला बाईंनी तीच शिक्षा फर्मावली आणि गाय आडवी आली, ही गोष्ट हमखास सादर होते. ती दंतकथा आहे. मालेराव आजारात गेला. राघोबांना लिहिलेलं म्हणून जे तडफदार पत्र भाषणांत म्हणतात, त्यातले शब्दही दरवेळी वेगळे असतात. आशय सांग, अवतरण देऊ नकोस. हातात तलवार घेऊन घोड्यावर बसलेली बाई दाखवायचा मोह होतो, कारण टाळ्या तिलाच पडतात. वह्या तपासणाऱ्या बाईला टाळ्या पडत नाहीत, तरी तीच दाखव. एक पोरगी चौरंगावर बसवायची, समोर दोन बांधीव वह्या, आणि एक मागणी घेऊन आलेला माणूस. ती विचारते, ‘हे कोणत्या वहीत लिहायचं?’ पाच मिनिटांची नाटुकली त्यावर होते.

भाषणाला नवखा माणूस विशेषणांनी सुरुवात करतो : पुण्यश्लोक, लोकमाता, राजमाता, रणरागिणी. एखादं पुरे. माल्कमनेच नोंदवलंय की एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि नर्मदेत टाकायला सांगितला. हे निवेदनात पहिल्यांदा सांगितलंस तर नंतरच्या वक्त्यांचीही भाषणं थोडी आटपतात, असा फायदा आहे.

समाजाचा प्रश्न निघेल. आपल्याकडे धनगर बांधव ही पुण्यतिथी मनापासून करतात, मान त्यांचा आहेच. पण बैठक एकाच आळीत लावलीस तर बाकीची आळी म्हणते, हा त्यांचा कार्यक्रम. म्हणून जागा सगळ्यांची, आणि हार घालायला दोनच माणसं : गावातली वयाने मोठी एक बाई आणि शाळेतली एक मुलगी. पुढारी नाराज होतील. त्यांना आभारात घे, नावांचा क्रम आधी कागदावर लिहून, दोघांना दाखवून. एक नाव सुटलं तर वर्षभर ऐकावं लागतं. हाराला श्रावणातलं बेल घे. धुऱ्यावर बेलाचं झाड असतं, सकाळी दोन पोट्टे पाठवले की काम झालं. दोन मिनिटं स्तब्धता ठेवतात, ती मी ठेवणार नाही. त्यापेक्षा त्या दोन मिनिटांत एखाद्या मुलीला वरचा दिनक्रम वाचू दे.

आता श्रमाचा तुकडा. माल्कमच्या नोंदीत एक गोष्ट आहे : महेश्वरच्या आसपास नांगर चाललेला असताना बाईंचा नोकर पाणी घेऊन यायचा आणि बैल थांबवून त्यांना पाजायचा. पाखरांसाठी उभी शेतं विकत घेऊन सोडली होती, हेही त्यातच आहे. बैलवाल्या गावाला याहून वेगळं काही करायला सांगायची गरज नाही. तुमच्या गावातला हँडपंपाजवळचा गुरांचा हौद फुटलेला आहे, तो पोळ्याच्या आधी वापरता करा.

किमान पंधरा दिवस हातात ठेवा. आधी हौद रिकामा करून दोन दिवस वाळू द्या, म्हणजे भेग कुठं आहे ते ओलीवरून दिसतं. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडा. भेगेवर नुसता सिमेंटचा लेप थापू नका, महिन्याभरात पापुद्रा निघतो. छिन्नीने भेग बोटभर रुंद आणि बोटभर खोल करा, धूळ झाडा, ओली करा, मग एक भाग सिमेंटला तीन भाग चाळलेली वाळू आणि दुकानात मिळणारी वॉटरप्रूफ पावडर पाकिटावर लिहिलंय तितकीच घालून भरा. वर ओलं पोतं टाकून सात दिवस पाणी मारा. पाऊस आहे म्हणून पाणी मारायचं राहून जातं, आणि तीन दिवस उघाड पडली की जोड उकलतो. नेमकं हेच दरवेळी होतं.

सात दिवसांनी आतून चुना. कळीचा चुना दोन किलो, पाणी दहा लिटर. लोखंडी डबा घ्या, प्लास्टिकची बादली उष्णतेने वाकते. आधी पाणी, मग त्यात चुना थोडा थोडा. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून डोळ्यात जातं. लहान मुलांना तिथून लांब ठेवा, ढवळणाऱ्याने चष्मा लावावा. रात्रभर ठेवून फडक्याने गाळा आणि दोन हात मारा, मधे एक दिवस वाळू देऊन. चुन्याने शेवाळ लवकर धरत नाही. वाळल्यावर हौद भरून एक रात्र ठेवा, ते पाणी सोडून द्या, आणि मग जनावरांसाठी भरा.

मापाचा अंदाज असा. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल म्हणजे २४ घनफूट, घनफुटाला २८ लिटर धरून सुमारे पावणेसातशे लिटर. कामाचा बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पितो. म्हणजे वीसेक जनावरांची सोय. काठ जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर हवा. उंच असला तर गोऱ्हे पोचत नाहीत, ठेंगणा असला तर गाई त्यात पाय घालतात. तळाचा उतार एका कोपऱ्याकडे आणि तिथं बूच. बूच नसेल तर कोणी तळ धुणार नाही, कारण पावणेसातशे लिटर टमरेलाने कोण उपसतो? भोवती मुरूम टाका, सांडलेल्या पाण्याला चार हात लांब चर काढा, नाहीतर पंधरवड्यात तिथं चिखल आणि डास.

हौदावर नाव रंगवायचंच असेल तर अहिल्याबाईंचं आणि साल. देणगीदारांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. सामान कोणाच्या पैशातून आलं, ते सभेच्या दिवशी वाचून दाखवा : ग्रामनिधीतलं किती, वर्गणीतलं किती, वेगवेगळं.

एक गंमत जाता जाता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. ती नागपूरकर भोसल्यांच्या राणी बांकाबाई यांची, त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून, असं सांगतात. बांकाबाई १८५८ मध्ये गेल्या, पण सगळं शहर अजून ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडतं. सभेत हे सांगू नकोस, वाद निघेल. पण तुला माहीत असावं.

भाषण लिहून झालं की कागदाचे फोटो पाठव. साल आणि नावं मी बघून देतो, वाक्यं तुझीच राहू दे.

तुझा
काका

ता.क. फ्लेक्स सहा बाय चारचा पुरतो. दुकानदाराला मजकूर फोनवर सांगू नकोस, टाइप करून दे आणि छापण्याआधी नमुना मागव. त्यांच्या संगणकात जोडाक्षरं फुटतात, ‘पुण्यश्लोक’चं ‘पुण्‌यश्‌लोक’ होऊन येतं. बाईंचा फोटो एक तृतीयांश जागेत, बाकीच्यांचे फोटो नकोत. आणि त्यावर ‘२३१वी’ वगैरे आकडा टाकू नकोस, नुसतं ‘पुण्यतिथी, १३ ऑगस्ट’ लिही. पुढच्या साली तोच गुंडाळून ठेवलेला काढता येतो.